जिवापाड जपलेलं गेज

संध्याकाळी पाच वाजता तिच्या चाचणीचा महिना संपणार होता. कारखान्यातले जुने कारागीर, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, त्यांनी कागदावर सही केली की पुढची दोन वर्षं पगारासकट शिक्षण. नाही केली, तर उद्यापासून घरी. शाळा संपवून थेट इथे आल्यामुळे तिचं नावच ‘शाळा’ पडलं होतं. मावशीचा या योजनेवर मुळीच विश्वास नव्हता. “शिकवायचं त्यांनी आणि वर पगारही त्यांनीच द्यायचा? कुठेतरी पाणी मुरतंय,” असं ती येता-जाता ऐकवी. आईने मात्र सही होण्याआधीच ‘पोरगी कायम झाली’ म्हणून गल्लीभर सांगून टाकलं होतं. त्यामुळे आता माघार घ्यायलाही जागा नव्हती.

त्या गारठलेल्या सकाळी उस्तादांनी तिच्या हाती एक गेज दिलं. पोलादाचा गुळगुळीत दांडा. त्याचं एक टोक यंत्रातून निघालेल्या बुशच्या, म्हणजे छोट्या पोलादी नळकांड्याच्या, भोकात सहज गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढ्या फरकाचा तो न्यायनिवाडा होता.

“पोटच्या पोरासारखं जपायचं हे,” उस्ताद म्हणाले. “क्षणभर नजरेआड करायचं नाही. हरवलं तर मला तोंड दाखवू नकोस.”

शाळा आज्ञाधारक होती, आणि आज तर जरा जास्तच. पहिले दहा बुश तपासून झाल्यावर तिने गेज सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं, वर स्वेटर ओढला आणि त्यावर एप्रनचं बटण लावलं. तासाभराने तिने ते काढलं, तर जाणारं टोक भोकात जाईना. एक नाही, दोन नाही, ओळीने आठ बुश. तिने ते नापास मालाच्या लाल पेटीत टाकले आणि धावत जाऊन वर्दी दिली.

उस्तादांनी गेज तिच्या हातून घेतलं न घेतलं तोच भोकाला लावून पाहिलं. ते खरंच जाईना.

“भोक लहान पडतंय. बरं झालं लगेच सांगितलंस,” असं म्हणून त्यांनी यंत्राची चकती किंचित फिरवली. पुढच्या बुशमध्ये टोक झोकात आत गेलं. गेज पुन्हा आतल्या खिशात ठेवताना शाळेला वाटलं, सही झाल्यातच जमा आहे.

दुपारी तपासणी-खोलीतल्या बाई साठ बुशांची पेटी घेऊन आल्या. “उस्ताद, ही भोकं आहेत की बोगदे? न जाणारं टोकसुद्धा आरपार जातंय.”

“शक्य नाही. एकेक बुश तपासलाय.”

“मग दोघांतलं एक गेज खोटं बोलतंय, आणि माझं बोलत नाही.”

उस्तादांनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि आतूनच सांगितलं, “म्हातारं झालंय हो.” नेमकं काय झालंय ते मात्र त्याला सांगता येईना. मग संशय पोलादावर गेला. भांडारवाला तावातावाने आला आणि ‘आमच्या मालाला बोट लावू नका’ म्हणून गेला. एवढ्यात चार वाजले.

“सकाळपासून वापरलेलं गेज कुठाय?” बाईंनी विचारलं.

शाळेने एप्रनचं बटण काढलं, स्वेटर वर केला, आतल्या खिशात हात घातला आणि गेज अदबीने पुढे केलं. बाईंनी ते तळहातावर घेतलं आणि त्यांच्या भुवया वर चढल्या.

“हे तर नुकतं उबवलेलं अंडं वाटतंय. अगं, पोलाद तापलं की फुगतं. फुगलेलं टोक भोकात जाईल कसं?”

गेज टेबलावर अर्धा तास गार होऊ दिलं आणि लाल पेटीतल्या आठ बुशांना लावलं. आठही बुश निर्दोष निघाले. नंतरचे साठ भंगारात.

बाईंनी चूक नोंदवायचा फॉर्म काढला. “कारणीभूत कोण?”

शाळा पुढे झाली. “मी. मी ठेवलं खिशात.”

बाईंनी फॉर्मवर तिचं नाव लिहिलं. साठ बुश गेले होते आणि समोर उभी असलेली पोर कुणाकडेही बोट दाखवत नव्हती. “ते खोडून माझं लिहा,” उस्ताद म्हणाले. “जपायला मी सांगितलं, कसं ते सांगितलं नाही. आणि यंत्र फिरवलं तेही मीच, गेज गरम आहे का ते बघायच्या आधी.”

“मग नियम ठाऊक आहे ना? कारणीभूत माणसाने सोमवारी मापनाच्या वर्गाला बसायचं. नव्या मुलांबरोबर.”

“तीस वर्षं झाली मला इथे.”

“वर्ग एकच दिवसाचा आहे.”

पाचला दोन मिनिटं असताना उस्तादांनी तिच्या कागदावर सही केली. शेऱ्याच्या जागी त्यांनी लिहिलं, ‘सांगितलेलं तंतोतंत पाळते. सांगणाऱ्याने सांभाळून सांगावे.’

सोमवारी वर्ग गच्च भरला होता. उस्ताद इस्त्रीचा सदरा घालून दारात आले, नुकतंच मिसरूड फुटलेल्या पोरांकडे पाहून थबकले आणि शाळेशेजारच्या एकमेव रिकाम्या खुर्चीवर अंग चोरून बसले. शिक्षकांनी वर्गाकडे पाठ फिरवली आणि सूत्रं लिहायला सुरुवात केली. फळा अर्धा भरला तसे उस्ताद हळूच तिच्याकडे झुकले.

“शाळा, शेवटी परीक्षा असते का गं?”

“असते, उस्ताद. लेखी.”

उस्तादांनी खुर्ची जवळ ओढली. “मग वही जरा इकडे सरकवून लिही. आणि अक्षर मोठं काढ.”