दाजीबा गव्याची आरपारची लढाई

एका जंगलात, मुलांनो, भांडायची फार सभ्य पद्धत होती. निदान गव्यांत तरी होती.

उन्हाळ्यात पाणवठा आटला की दोन मोठे गवे तिथे येत. समोरासमोर नाही, शेजारी शेजारी उभे राहत. पाठ फुगवून एकमेकांचा अंदाज घेत. ज्याला आपण कमी आहोत असं वाटे, तो जरा खोकल्यासारखं करून खालच्या ओढ्याला निघून जाई. कुणी कुणाला काही विचारत नसे.

त्याच जंगलात कोतवाल नावाचा पक्षी होता. काळा, दुशेपटी आणि बोलका. उंच झाडावर बसून तो सगळ्यांना बातम्या सांगे. त्याला एकच मोठा शब्द आवडे, आरपारची लढाई. दोन खारी चिंचेवरून भांडल्या, आरपारची लढाई. मुंग्यांची रांग वळली, आरपारची लढाई.

हसू नका. परवा मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगबद्दल चार ओळी लिहिल्या, त्यातही हाच शब्द आहे. विषय पार्किंगचा होता.

तर यंदा थोरला गवा दाजीबा थकला होता. ओढ्याला जायचं त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. पण पाणवठ्यावर येऊन बघतो, तर चहूकडे गर्दी. माकडांनी पुढच्या फांद्या धरलेल्या. मध्ये तरुण गवा कोंडाजी घाबरून उभा.

"एवढी मंडळी कशाला जमलीत रे?" दाजीबाने विचारलं.

"आरपारची लढाई बघायला, दाजी."

"कुणाची?"

"आपली म्हणतायत."

"पण मी तर निघालो होतो. यंदा पाणी तुझं."

"मग निघा ना."

दाजीबाने मागे पाहिलं. त्याची नातवंडं पुढे येऊन बसली होती.

"आता कसा निघू?" तो म्हणाला.

मग त्याने वर मान करून कोतवालाला विचारलं, "बाबा रे, त्या शब्दाचा अर्थ तरी सांग. आम्ही नेमकं काय करायचं असतं?"

कोतवाल गडबडला. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं.

"अर्थ म्हणजे... एक राहायचा, एक जायचा."

"ओढ्याला?"

"छे. तुम्ही ओढ्याला गेलात तर मी सांगू काय?"

माकडांनी गलका केला. कोंडाजीने डोळे मिटून धडक दिली. मग दाजीबाने दिली. दोघांनाही लढायची सवय नव्हती, त्यामुळे फार वेळ लागला. पाणवठ्याचा पार चिखल झाला. त्या चिखलात दाजीबा बसला, तो उठलाच नाही.

"दाजी, उठा," कोंडाजी म्हणत राहिला. "मी जातो ओढ्याला. तुम्ही उठा."

मला इथे फार वाईट वाटतं. कोतवालालाही वाटलं. आणि तसं वाटत असतानाच त्याने सांगितलं, की उद्या सकाळी कोंडाजी आणि दाजीबाचा मुलगा यांच्यात आरपारची लढाई आहे.

तात्पर्य: शब्द वापरण्याआधी त्याचा अर्थ माहीत असायलाच हवा, असं काही नाही. खाली उभे असलेले तो शोधून काढतात. लिहिणाऱ्याने फक्त बसायला उंच झाड बघावं. मी बघून ठेवलंय. सावली बरी आहे.