कांबळ्याची साक्ष

शुक्रवार संध्याकाळपर्यंत पवनीच्या स्थळाला होकार कळवायचा होता आणि बुधवार मावळला तरी देवाने अतुलला काहीच सांगितलं नव्हतं.

अतुल तुमसरच्या एका राईस मिलमध्ये वजनकाट्यावर होता. वय पस्तीस. देवाला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, हा त्याचा नियम. कुकर घ्यायच्या वेळी त्याने तीन दिवस प्रार्थना केली. चौथ्या दिवशी दुकानातला तो एकुलता एक कुकर दुसऱ्याच कोणी नेला. "देवाची इच्छा नव्हती," असं तो म्हणाला आणि त्याची आई धुरपताबाई अजूनही पातेल्यातच डाळ शिजवत होती.

पण तृप्ती म्हणजे काही कुकर नव्हे. ती पवनीच्या दवाखान्यात नर्स होती. नाताळच्या मेळाव्यात तिने त्याला दोनदा चहा दिला होता आणि दुसऱ्यांदा देताना "साखर कमी तर नाही ना?" असं विचारलं होतं. तेव्हापासून बिचाऱ्याची झोप उडाली होती. ती त्याला मनापासून आवडली होती आणि नेमकी त्याचीच त्याला भीती वाटत होती. आपल्याला आवडली ती देवालाही पसंत असेल कशावरून?

बायबलमधल्या एका वीराने लढाईआधी खळ्यावर रात्रभर लोकर ठेवली होती. सकाळी लोकर दवाने ओली आणि भोवतालची जमीन कोरडी निघाली, म्हणजे देवाचा होकार. अतुलला हे पटलं. तुमसरात लोकर कुठून आणणार? त्याने आईचं लोकरीचं कांबळं गुपचूप स्लॅबवर नेऊन अंथरलं.

गुरुवारी सकाळी वर कांबळंच नव्हतं. ते आईच्या अंगावर होतं.

"आई, हे खाली काहून आणलं?"

"मी इकडं थंडीनं मरून राहिली अन् तू कांबळं दवात टाकून राहिला? डोकं ठिकाणावर हाय का?"

त्या दिवशी त्याने आईला नवी रजई आणून दिली आणि कांबळं पुन्हा वर नेलं. शुक्रवारी सकाळी शेजारच्या भय्याजींचं कुत्रं त्यावर मधोमध झोपलेलं होतं. कडा ओल्या, मधे कुत्र्याएवढा भाग कोरडा. अतुल त्या कोरड्या भागाकडे बराच वेळ पाहत उभा राहिला आणि मग तडक पास्टर परसरामांकडे गेला.

"पास्टरजी, अर्धंच ओलं असलं तर काय समजाचं?"

"कुत्रं झोपलं होतं असं समजाचं," पास्टर म्हणाले. "अरे, त्या वीराले देवानं आधीच सांगून ठेवलं होतं. त्याचा भरोसा बसत नव्हता म्हणून त्याले लोकर लागली. पोरगी आवडली तुले?"

"आवडली."

"आईले?"

"पसंत हाय."

"प्रार्थना केली?"

"बारा दिवस."

"मंग फोन लाव ना! मोबाईल खिशात कायले ठेवला हाय?"

"पण पास्टरजी, चिन्ह..."

पास्टर उठून आत निघून गेले.

अतुलने खिशातल्या मोबाईलला हात लावला आणि हात मागे घेतला. देवाच्या कामात एका दिवसाने काय बिघडतं? कांबळं तिसऱ्यांदा वर गेलं.

शनिवारी आभाळ आलेलं होतं. दवाचा पत्ता नव्हता. स्लॅब खडखडीत कोरडा होता आणि कांबळं? पिळलं तर पाणी निघालं! अतुल तिथेच गुडघ्यांवर बसला, रडला, हसला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन भंडाऱ्यावरून बस बदलत दुपारी पवनीला पोचला.

दारात बऱ्याच चपला होत्या. तृप्तीच बाहेर आली.

"देवानं हो म्हटलं!" अतुल धापा टाकत म्हणाला आणि त्याने कांबळ्याची सगळी हकीकत सांगितली.

तृप्तीने ती शांतपणे ऐकून घेतली.

"मी पण प्रार्थना केली होती," ती म्हणाली. "मोठं काही नाही मागितलं. म्हटलं, प्रभू, शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत त्यांचा एक फोन येऊ दे. आठ वाजेपर्यंत मोबाईल हातात धरून बसली होती मी."

"मंग?"

"मग शहापूरचं दुसरं स्थळ होतं, त्या कैलाशचा फोन आला. पाहुणे त्यांच्याकडचेच आहेत."

तिने त्याला चहा दिला. या वेळी साखरेचं काही विचारलं नाही.

दिवेलागणीला अतुल घरी येऊन खाटेवर बसला. पेढे पिशवीत तसेच होते. धुरपताबाईने त्याचा चेहरा पाहिला, कांबळं आणलं आणि त्याच्या खांद्यावर टाकलं.

"थोडं ओलं हाय अजून," ती म्हणाली. "कुत्र्याचा वास मारून राहिला होता. पहाटे नळ आला तवा धुतलं. तुले ते वरतंच लागते म्हणून परत वरतंच नेऊन टाकलं."

जगात आपल्याइतका मूर्ख माणूस नाही, एवढंच अतुलला कळत होतं. मग तो उठला आणि चपला शोधू लागला.

"कुठं चालला?"

"कुकर आणाले."

"आत्ता? देवाले विचारलं का?"

भरल्या डोळ्यांनी तो जवळजवळ पळतच चौकात गेला. भांड्यांचं दुकान दर शनिवारी बंद असतं, हे त्याला कुलूप पाहिल्यावर आठवलं.