वाघमारे बाईंचा तलाव

वाघमारे बाई जेवणाच्या डब्यात चिखल ठेवतात, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. आम्ही नवीन राहायला आलो त्या रविवारी शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या. तीन पुडांचा स्टीलचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "जरा धरा, किल्ली शोधते." मी 'धरा'पर्यंतच ऐकलं. नव्या शेजाऱ्याला डबा द्यायची पद्धत आपल्या मराठवाड्यात अजून शिल्लक आहे, या आनंदात मी झाकण उघडलं. आत काळाभोर, चकाकणारा ऐवज. येसराची आमटी असणार म्हणून खोल वास घेतला.

"काय म्हणतो वास?" बाईंनी विचारलं.

"थोडं आंबलंय."

"बरोबर! तळाला हवा पोचत नाहीये," बाई खूश झाल्या. "नाक चांगलंय तुमचं. पुढच्या रविवारी या."

अशी माझी नेमणूक झाली.

बाईंनी हयातभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर कॉलनीमागचा तलाव हाच त्यांचा एकमेव विद्यार्थी. दर रविवारी त्या गुडघाभर पाण्यात उतरतात, प्लास्टिकचा पाइप तळात खुपसतात, वरचं तोंड बुचानं बंद करतात आणि कुल्फी काढावी तसा गाळ अखंड वर काढतात. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. "पाण्याला कालचं आठवत नाही, गाळ काही विसरत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. तब्येत कशी आहे म्हणून विचारलं, तर म्हणतात, "माझी ठीक आहे, त्याची विचारा." कॉलनीत मात्र कोणाकडे जाणं-येणं नाही. लोकही त्यांच्याकडे जात नसत. फ्रिजमधून काय निघेल याचा नेम नाही.

माझं काम पाइप धरणे आणि पडणे. पडलो की बाई धावत येतात आणि आधी नमुन्याची बाटली उचलतात.

यंदा उन्हाळ्यात सोसायटीनं ठरवलं, म्हशींमुळे तलाव नासतोय, कडेनं तारेचं कुंपण घालायचं. म्हशी होत्या पलीकडच्या वस्तीवरच्या गयाबाईंच्या. पाचोडच्या बाजारातून आणलेल्या, चारच, पण घर त्यांच्यावर चालायचं. आणि उन्हाळ्यात म्हैस पाण्यात बसली नाही की दूध आटतं.

"आधी तपासू, मग तार," बाईंनी अध्यक्षांना बजावलं.

आता एवढं महत्त्वाचं काम, म्हणून आदल्या दिवशी मी बाईंच्या साऱ्या रिकाम्या बाटल्या कपड्यांच्या पावडरीनं लखलखीत घासून ठेवल्या. सांगितलं नाही. चांगलं काम गुपचूप करावं, असे माझ्यावर संस्कार आहेत.

बाईंच्या तपासणीत थेंब टाकले की पाणी निळं होतं. जितकं निळं तितकं फॉस्फेट, आणि फॉस्फेट वाढलं की तलावात शेवाळ माजतं. एरवी फिकट होणारं पाणी त्या दिवशी शाईसारखं झालं. बाईंचा चेहरा उतरला. पण जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. अध्यक्षांनी लगेच तारवाल्याला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी गयाबाई थेट बाईंच्या दारात. मीही तिथंच होतो.

"व्हय बाई, तुम्हीच सांगितलं म्हणं, माह्या म्हशींनी पाणी नासलं?"

"फॉस्फेट वाढलंय, गयाबाई. शेणात थोडं असतं, साबणाच्या पावडरीत असतं..."

"पावडर? माह्या म्हशी काय साबण लावून आंघोळ करत्यात व्हय? हितं मलाच लावायला मिळंना!"

मी खो खो हसलो. मग हसू मध्येच कुठंतरी अडकलं. बाई माझ्याकडे बघत होत्या.

"बाटल्या कोणी धुतल्या?"

"पावडरीनं," मी म्हणालो.

बाईंनी डोळे मिटले. "पोरांनी असं केलं की मी शून्य द्यायचे. तुम्हाला काय देऊ?"

"माह्या हवाली करा," गयाबाई म्हणाल्या. "लई शेण पडलंय गोठ्यात."

संध्याकाळी शुद्ध पाण्यानं विसळलेल्या बाटल्या घेऊन आम्ही पुन्हा उतरलो. गयाबाई काठावर पहाऱ्याला, मी बाटल्यांपासून लांब उभा. म्हशींच्या बाजूचं पाणी फिकट निळं झालं. नाल्याच्या तोंडाचं गडद. आणि तो नाला येतो आमच्या कॉलनीच्या मोऱ्यांमधून.

"तार घालायचीच तर आपल्या वॉशिंग मशिनांना घाला," बाई म्हणाल्या.

ग्रुपवर मेसेज टाकू का, असं मी विचारलं. "नको. चूक घरोघर पोचली, दुरुस्तीही घरोघर जाईल." दुसऱ्या दिवशी त्या दोन बाटल्या घेऊन दारोदार फिरल्या. "माझी तपासणी चुकली, म्हशींचा दोष नाही," असं सगळीकडे सांगितलं. माझं नाव कुठंही घेतलं नाही. तारवाला परत गेला. नाल्याचं पाणी वळवायला प्लंबर आला. गयाबाईंच्या म्हशी नाकं वर काढून पाण्यात पसरल्या.

आमचं घर शेवटचं होतं. आता माझी हजामत होणार म्हणून मी तयारीत बसलो होतो. बाई आल्या, खुर्चीवर टेकल्या. बायकोनं चहा आणला.

"नको हो, प्रत्येक घरी झाला. तळमजल्यावरच्या आजी तर जेवायलाच बसवत होत्या. वरच्या पठाणांकडं शीरखुर्मा खाल्ला. इतकी वर्षं इथं राहते, कोणाच्या घरात कसला उजेड येतो तेसुद्धा माहीत नव्हतं मला."

नको म्हणता म्हणता कप रिकामा झाला, तरी बाई उठल्या नाहीत. बायकोनं न विचारता पुन्हा भरला.

"ऐका," बाई माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "वर्षाकाठी एखादी बाटली धुवत चला तुम्ही."