तुरा दिसत नाही

सकाळचे सहा चाळीस. पूर्ण ओहोटी. मुलांनो, एका जंगलात, म्हणजे किनाऱ्यावरच्या शेवाळाच्या जंगलात, कोरड्या खडकावर रांग लागली होती.

राज्यात नवा नियम आला होता. दिसण्यावरून ज्याची प्रजाती ओळखता येणार नाही, त्याने आपलं डबकं सोडायचं. डबकं हवं असेल त्याने सही करून अर्ज द्यायचा.

रांगेत निळाई होती. निळाई म्हणजे समुद्री गोगलगाय. पाठीवर शंख नाही, अंग मऊ. तिची अंडी डबक्यातल्या दगडाखाली चिकटलेली होती. फुटायला चार दिवस होते.

तपासायला बसले होते कुर्लेसाहेब, जातीचे खेकडे. समोर सरकारी चित्र : निळं अंग, पिवळी किनार, डोक्यावर दोन शिंगं, पाठीवर तुरा.

"शिंगं कुठायत?"

"भीती वाटली की आत जातात, साहेब."

"भ्यायचं काय त्यात? आम्ही तुमच्या सेवेलाच बसलोय," म्हणत साहेबांनी तिला नांगीने दाबलं. ती आणखी आक्रसली.

"तुराही दिसत नाही."

"तो पाण्यातच फुलतो. हे काय, मागेच पाणी आहे. तिथे बघा ना."

"पाण्यात कागद भिजतात."

खडकाला चिकटलेल्या कालवकाकूंना राहवेना. "अहो कुर्ले, ही माझ्यादेखत जन्मली!"

"काकू, तुम्हाला डोळे आहेत का?"

"डोळे नाहीत, पण लाज आहे!"

साहेबांनी लिहिलं : 'शिंगं नाहीत. तुरा नाही. आकार थुंकीसारखा. प्रजाती अज्ञात.'

पुढचा नंबर लाटेबरोबर आलेल्या केसांच्या चापाचा. प्लास्टिकचा, निळा, कडेला पिवळा. वर दोन टोकं आणि जाळीचं फूल. दाबला तरी हूं की चूं नाही.

"चित्राशी तंतोतंत!" साहेब खूश झाले. निळाईचं डबकं चापाला मिळालं.

निळाईला तापत्या वाळूवर सोडण्यात आलं. नऊपर्यंत ती वाळली. नव्या रहिवाशासाठी डबकं साफ झालं. दगड उलटून खालचं 'काहीतरी चिकट' खरवडून टाकलं.

तात्पर्य : मुलांनो, जिवंत असण्याच्या भानगडीत पडू नका. त्याने चेहरा बदलतो. चित्रासारखे दिसा, दाबलं तरी गप्प बसा, घर मिळेल.

आता एवढंच सांगायचं राहिलं. चापाच्या अर्जावर अर्जदाराची सही आहे. ती कोणी केली, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.