हरण्याची घाई

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या मुलीला कायद्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. घरातला आनंद फीचा कागद येईपर्यंत टिकला. मग तीन आठवडे मुलगी शिष्यवृत्त्या शोधत होती. एक खेळाडूंसाठी होती, एक अनाथांसाठी, तिसरीची मुदत आदल्याच दिवशी संपलेली. आपण अजून हयात आहोत याची बापाला पहिल्यांदाच थोडी लाज वाटली.

शेवटी एक सापडली. कुणा दिवंगत वकिलाने पश्चात्तापापोटी ठेवलेली. कोर्टात दावा हरलेल्या कुटुंबातल्या एका विद्यार्थ्याला पूर्ण फी, निकालाची प्रत जोडावी.

"बाबा, आपला निकाल कधी लागायचा?" मुलीने विचारलं.

त्यांचा दावा जिन्याचा होता. एकाच मजल्यावर दोघा भावांची दारं, आणि वर येणारा लाकडी जिना कुणाचा यावर एकोणीस वर्षं तारखा पडत होत्या. भाऊ जिन्यात समोर आला की हा भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. आपलंच खरं, ही एक खात्री त्याने आयुष्यभर जपली होती. दोन दिवस त्याला घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी तो वकिलांकडे गेला.

"मला हरायचंय," तो म्हणाला.

वकिलांनी चष्मा काढून पुसला. अशी मागणी करणारं अशील त्यांना प्रथमच भेटत होतं. आजवर ते न मागताच हरत आले होते.

तारखेला त्याने जिना भावाचाच असल्याचं न्यायाधीशांना कसंबसं सांगितलं. तोच धाकटा भाऊ उठला.

"साहेब, दादा खोटं बोलतोय. जिना त्याचाच आहे."

धाकट्याच्या मुलालाही त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला होता, हे तेव्हा थोरल्याच्या ध्यानात आलं. 'दादा' ही हाक एकोणीस वर्षांनी कानावर पडली, तीही खोटारडा ठरवताना.

मग तासभर दोघं एकमेकांच्या बाजूचे पुरावे देत राहिले. याने भावाच्या नावाची सुताराची पावती काढली, भावाने आईचं जुनं पत्र. असं बंधुप्रेम हल्ली दिसत नाही, असं म्हणून न्यायाधीशांनी जिना दोघांच्या समाईक मालकीचा ठरवला आणि तडजोडीचा हुकूम लिहिला.

म्हणजे कुणीच हरलं नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टने दोन्ही अर्ज चार दिवसांत परत धाडले.

अर्ज परत आले त्या संध्याकाळी दोघे भाऊ एकाच पायरीवर बसले होते. दोन्ही घरांतून पोरांचा आवाज येत नव्हता.

"दादा, त्या ट्रस्टवरच दावा लावू," धाकटा हळूच म्हणाला. "दोघं मिळून."

"आणि हरलो तर?"

"हरलो तर पात्रच ठरू की."

निकाल लागेपर्यंत पोरं केवढी झाली असतील, हे विचारायचं थोरल्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. भावाचा खांदा त्याच्या खांद्याला लागला होता.

"तारखेला किती वाजता निघायचं?" त्याने विचारलं.