जर्दकोटच्या मसनदीवर उठल्या-बसल्याची हकीकत

खुदावंत करीम याच्या मेहेरबानीने, खुरासान प्रांती जर्दकोटची मसनद कोणी घेतली आणि कोणी गमावली, ते यथास्थित लिहिले जाते.

ज्या साली अमीर तुगानशाह यांस चौथी कन्या झाली आणि तिच्या नाव ठेवण्याच्या मेजवानीतच वडील अमीर पैगंबरवासी झाले, त्या साली ही मोहीम घडली. दौलत म्हणावी तर एक गढी, तीन गावे आणि खरबुजांचे मळे. लष्कर चाळीस स्वार, त्यांस घोडे सव्वीस, सबब पाळीने बसत. परंतु रिवाज बादशाही होता, आणि रिवाजानेच घात केला.

मातमाचे चाळीस दिवस सरले, मग दरबार भरला. थोरले तुगानशाह मसनदीपाशी आले आणि खानदानी मनुष्य दारात, जेवणाच्या दस्तरखानावर, हम्मामात ‘आधी आपण’ असा आग्रह करतो त्याप्रमाणे धाकटे बंधू अमीर फरीबुर्ज यांस म्हणाले, “बस ना, तूच बस. आम्ही काय, कुठेही टेकू.” यावर धाकट्याने तीन वेळा नाही म्हणावे, मग थोरल्याने नाइलाज दाखवून बसावे, हा कायदा. फरीबुर्ज दोन वेळा नाही म्हणाले. तिसऱ्या वेळी म्हणाले, “भाईजानचा शब्द कसा मोडू?” आणि बसले.

वजिरांनी दाढी खाजवून अर्ज केला की, शब्द सर्वांसमक्ष गेला, परत घेणे म्हणजे खानदानाची नाचक्की. बापाने बारा वर्षे राज्याकरिता घोटवले, ते एका आग्रहात गेले, म्हणून तुगानशाह यांस चार दिवस अन्न गोड लागेना. बेगम म्हणाली, “शेवटचा कबाब पाहुण्याच्या ताटात टाकायची खोड तुमची. खा आता कोरडा नान.”

पाचवे दिवशी तुगानशाह एकटेच, पायी, दरबारी दाखल झाले आणि धाकट्यासमोर नुसते उभे राहिले. थोरला उभा आणि धाकटा बसलेला, हे खुरासानात कोणाच्याने पाहवत नाही. फरीबुर्ज यांनी छत पाहिले, मग खोकले, मग गालिच्याची फुले मोजली, आणि अखेर गुडघे आपोआप सरळ झाले. “या भाईजान, बसा.” तुगानशाह एकदाही नाही न म्हणता बसले, आणि रक्ताचा थेंब न सांडता तख्त फत्ते होऊन नगारा वाजला.

मग फर्मान सुटले की अमीर आता उठणार नाहीत. न्याय, जेवण, निद्रा, सर्व तेथेच. तीन दिवस टिकले. चौथे दिवशी फरीबुर्ज मातोश्री गुलरुख खातून यांस हाताला धरून घेऊन आले. तुगानशाह यांनी डाव ओळखला आणि दोन्ही हातांनी लोड आवळला.

“बीबीजान, तुम्ही कशाला आलात? आम्हीच येत होतो.”

“मग ऊठ की. पाय दुखताहेत माझे.”

अमीर उठले. फरीबुर्ज लगबगीने पुढे सरले, तोच खातून बसल्या, पाय वर घेतले आणि डाळिंबाचे सरबत मागविले. ज्यांच्याकरिता त्यांनी उठावे असे वडीलधारे दौलतीत कोणी उरले नव्हते.

“उभे का दोघे? बसा खाली. भांडायला बरं पडेल.”

पुढल्या जुम्म्यास मशिदीत, जो राज्य करील त्याचेच नाव ज्यात घेतात त्या खुतब्यात, खातूनचे नाव वाचले गेले. येणेप्रमाणे जर्दकोट गुलरुख खातून यांनी फत्ते केले, हे कलमबंद केले असे. खातून त्या मसनदीवर सतरा वर्षे बसल्या, आणि वकील आले, सरदार आले, खुद्द सुलतानाचा भाचा आला, परंतु उठल्या नाहीत. एकदाच उठल्या आणि जनाजा वेशीबाहेर जाईतो उभ्या राहिल्या. तो दिवस सफर महिन्याची नववी, बुधवार. त्या दिवशी अमीर तुगानशाह तापाने वारले.