लेथ, मोटर आणि स्वयंपाकघरातला प्लग

जालन्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून मी लाकूड कातायचा जुना लेथ घरी आणला, तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "हे चालते का?"

"मोटर बसवली की चालेल."

"म्हणजे चालत नाही." पुष्पांजलीने ओसरीवरच्या त्या धुडाला एक प्रदक्षिणा घातली. "आखाजीच्या आत याच्यावर मले एक लाटणं करून द्या. नाही तं भंगारवाल्याले बलावते."

अक्षय्य तृतीयेपर्यंत फक्त एक लाटणं! मी हसलो. (हसायला नको होतं.)

मेहकरात मोटरी दुरुस्त करणारा जाकीर आमचा शेजारीच. त्याला विचारलं, मोटर सिंगल फेज घ्यावी की थ्री फेज?

"घरात कोणती लाईन हाय, भाऊ?"

"सिंगल."

"मंग सिंगल घ्या. झालं!"

पण असं झटकन कसं व्हावं? थ्री फेज मोटर दमदार खरी, पण ती लाईन शेतात, आणि लेथ शेतात नेणार कोण? विहिरीवर लोक कंडेन्सर लावून थ्री फेज मोटर सिंगलवरच कशीतरी चालवतात, मग दम किती उरतो? पुली मोठी घेतली तर लेथ किती पळेल? मला हे सगळं खरोखरच जाणून घ्यायचं होतं. लोक स्थळं पाहतात तशा मी मोटरी पाहिल्या. एक लवकर तापायची, एकीचा आवाज बसलेला, एक आधीच एकदा जळालेली. शेवटी कंटाळून जाकीरनेच एक एचपीची सिंगल फेज मोटर ओसरीवर आणून ठेवली.

"घ्या भाऊ. आखाजी उद्यावर आली."

अंगणात पुष्पांजली आणि जाकीरची बायको खुर्शीदा शेवया करत होत्या. एक मशीनमध्ये पीठ दाबत होती, दुसरी दांडा फिरवत होती. मी मोटर लेथला जोडली आणि लक्षात आलं, मोटरचा अभ्यास झाला, प्लगचा राहिलाच! जड लोडचा प्लग घरात एकच, स्वयंपाकघराच्या दाराशी. वायर हातभर कमी.

मी मोटर सोडली आणि उलट्या तोंडाने बसवली. वायर बरोबर पोचली. (मोटरचं तोंड फिरवलं की लेथही उलटा फिरतो, हे माझ्या अभ्यासात कुठे आलं नव्हतं.)

बटण दाबलं. लाकूड धरणारा नारळाएवढा लोखंडी चक बरणीच्या झाकणासारखा फिरून सुटला, खाली पडला, पायरी उतरला आणि अंगणात निघाला.

"सरका!" मी ओरडलो.

"कोण येऊन राह्यलं?" खुर्शीदाने विचारलं.

चक दोघींच्या मधून गेला, परातीतल्या पिठाच्या गोळ्यावर चढला, पलीकडे उतरला आणि रांजणाला टेकून थांबला. गोळ्याची लांबलचक पोळी झाली होती.

पुष्पांजलीने ती उचलून पाहिली. "खुर्शीदा, आलं वं लाटणं!"

दोघी हसून हसून लोळल्या. ओसरीवर मोटर बिचारी अजून चालूच होती. खुर्शीदाने डोळे पुसले आणि कान दिला.

"भाभी, मोटर तं लय भारी हाय. आपल्या मशीनले लावली तं? माह्या खांद्याचं भुसकट झालं."

"काऊन नाही?"

जाकीरला हाक गेली. मी घाईने सांगितलं, "वायर पुरत नाही!"

"मंग मशीनच प्लगजवळ आणा ना," पुष्पांजली म्हणाली. (हेही अभ्यासात नव्हतं.)

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या निम्म्या घरांच्या शेवया झाल्या. "मोटर मात्र चांगली निवडली तुम्ही," बायको म्हणाली. लग्नानंतर माझ्या निवडीचं झालेलं हे पहिलं कौतुक. लेथही भंगारात गेला नाही. लांब आहे, त्यावर काठ्या टाकून शेवया छान वाळतात.

लाटणं आणायला मलाच बाजारात पाठवलं. दुकानदाराने एक गुळगुळीत लाटणं हातावर फिरवून दाखवलं.

"असं घरी नाही जमत, भाऊ. याले लेथ लागते."

"हो," मी म्हटलं, "ऐकून आहे."